नागारेयामाची आजी आणि योकोतेची आजी

योकोते,
२४ सप्टेंबर

श्रीमती हारुयो तोमिता, विहीणबाई यांस
मित्सुएचा स. न. वि. वि.

इकडे भात कापणीला आलाय. आमचे हे अंधारातच शेतावर जातात आणि जेवायला आले की ताटावरच डुलक्या काढतात. पोरांकडे नवा तांदूळ पाठवला आहे, त्यातली बांधलेली पिशवी तुमची. आधी भिजत घालून मग शिजवा, नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण शहरात दुकानातला तांदूळ खाऊन माणूस विसरतो.

आता मुद्द्याचं लिहिते. पाचव्या महिन्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी, कुत्रीसारखी सहज सुटका व्हावी म्हणून गर्भारशीच्या पोटाला बांधायचा पट्टा माहेराने पाठवायचा असतो. मी देवळातून पट्टा आणला, पूजा करवली, पार्सल केलं. फोन केला तर आमची आकाने म्हणते, सासूबाईंनी परवाच एक आणून दिला. विहीणबाई, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नातीचं, कोहारुचं नाव ठेवताना तुमच्या नावातलं हारु घेतलं, तेव्हा मी गिळलं. पहिली पावलं तिनं तुमच्या शहरात टाकली, तेही गिळलं. पण पट्टासुद्धा?

त्यावर कडी म्हणजे पोरगी म्हणते, हे बाळंतपण तिकडेच करीन. जास्त दिवस गैरहजर राहिलं तर कोहारुची पाळणाघरातली जागा जाईल म्हणे. हे तिच्या डोक्यातून आलं की कुणी घातलं ते मी विचारत नाही. थोरली इथंच झाली. या घरात आणखी एकदा तान्ह्याचं रडणं ऐकावं, एवढी एकच इच्छा उरली आहे माझी. ती तुम्ही मला द्याल की नाही, सांगा.

लोभ असावा, राग असेल तर तो पत्रातून काढावा, पोरीवर नको.

आपली,
मित्सुए सुगावारा

नागारेयामा,
५ ऑक्टोबर

सौ. मित्सुएबाईंस
हारुयोचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र आणि तांदूळ दोन्ही पोचले. तांदूळ खरोखर उत्तम. कोहारु हल्ली सकाळी पावच मागते, पण मोठ्या माणसांनी आवडीने खाल्ला. आमच्या गल्लीतल्या जुन्या कारखान्याची मिरीन, तांदळाची गोड दारू, पाठवते आहे. मुळ्याच्या रश्शात चमचाभर घाला, गावाकडच्या स्वयंपाकालाही गोडी येते.

पट्ट्याचं मनाला लावून घेऊ नका. मी देवळावरून जात होते, दिसला, घेतला. मान-अपमानाचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. आमच्या शहरात इतका वेळ कुणाला असतो?

बाळंतपणाचं म्हणाल, तर जानेवारीत तुमच्याकडे छपरापर्यंत बर्फ. त्यात अवघडलेली बाई, तीन वर्षांची पोर आणि तासाभरावरचं हॉस्पिटल. इथं सगळं हाताशी आहे. तुम्हाला आकानेच्या घराजवळचं ओताकानोमोरीचं स्टेशन आठवत असेल. तिथेच वरच्या मजल्यावर पोरांना सोडायचं, मग ज्या त्या पाळणाघराच्या बसमध्ये त्यांना बसवतात आणि आया थेट टोकियोच्या गाडीत चढतात. अशी सोय बघून लोक आमच्या शहरात राहायला येतात. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे नदीकाठची गोदामं, मिरीनचा वास आणि मागे रान होतं. आता रानाच्या जागी उंच इमारती आहेत आणि आम्ही जुन्या पेठेतले लोक आपल्याच गावात पाहुणे आहोत. पण तक्रार नाही. मुलगा, सून, नात जवळ आहेत.

कोहारुला बसमध्ये मीच बसवते, रोज. टोपी नीट करते, सीटचा पट्टा लावते, मग ती हात हलवते. आजीशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. तेव्हा आकानेची काळजी करू नका. तिचं सगळं मी बघेन.

आहे तसा स्नेह राहो, थंडीत सांध्यांना जपा.

आपली,
हारुयो तोमिता

योकोते,
२३ नोव्हेंबर

श्रीमती हारुयोबाई यांस
स. न. वि. वि.

तीन वर्षांच्या मुलींना देवळात नेण्याचा समारंभ तुमच्याकडे फारच थाटात झाला. कोहारुचा किमोनो तुम्ही निवडलात, केस तुम्ही बांधलेत, फोटोत मधोमध तुम्ही बसलात. मी कडेला होते, एक खांदा फोटोत आला आहे. आमचे हे म्हणाले, तुझा खांदा बरा दिसतोय. मी त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं नाही.

पण विहीणबाई, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी समारंभानंतर सोमवारी सकाळची परतीची गाडी सोडून दिली आणि आकानेबरोबर स्टेशनवर गेले. तुम्हाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, आजी नातीला बसमध्ये कशी बसवते ते डोळे भरून बघावं. आकानेनं पोरीला वर सोडलं आणि स्वतः धावतच गाडीकडे गेली, मला नीट टाटा करायलाही तिला वेळ नव्हता. मी खाली बसपाशी येऊन उभी राहिले. निळा एप्रन घातलेल्या एका बाईंनी कोहारुला उचलून आत बसवलं. पोर त्यांच्या गळ्यातच पडली. माझी ओळखही नसलेल्या त्या बाईंवर मी इतकी जळले की काय सांगू.

आणि मग रस्त्याच्या पलीकडे सायकलींच्या कठड्यामागे तुम्ही दिसलात. राखाडी कोट, हातात पिशवी. तुम्ही हात हलवत होतात. बस वळली, तुम्ही हलवतच होतात. कोहारुनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. बस गेल्यावर तुम्ही कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिलात आणि जुन्या पेठेच्या गाडीकडे निघालात.

मी हाक मारली नाही. आधी मला हसू आलं, खोटं का बोलू? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मनात आलं. संध्याकाळी आकानेला सहज विचारलं, तर म्हणाली, सासूबाई महिन्यातून एका रविवारी येतात, येण्याआधी फोन करतात. सकाळी तुम्ही तिथे असता हे तिला माहीतच नाही. मी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मात्र हसू राहिलं नाही. दोन महिने ज्या बाईवर मी जळतेय, तिच्यापाशी आहे काय? हे तुम्ही मला का लिहिलंत? उत्तर द्या. माझी झोप गेली आहे.

स्नेह ठेवावा, मी भांडकुदळ असले तरी.

आपली,
मित्सुए

नागारेयामा,
२ डिसेंबर

मित्सुएबाई,
नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं.

का लिहिलं विचारता. तुमच्यापुढे तरी मी श्रीमंत दिसावं म्हणून. उन्हाळ्यात एकदा मी खरंच बसपाशी गेले होते. मला बघून कोहारु रडायला लागली, बसमध्ये चढेना, आकानेची गाडी चुकली. संध्याकाळी आमच्या तोमोहिरोचा फोन आला. अगदी गोड आवाजात म्हणाला, आई, सकाळी नको येत जाऊस. तेव्हापासून मी कठड्यामागे असते. तिला मी दिसत नाही. दिसू नयेच.

तुम्ही माझ्यावर जळता याचं मला हसू येतं, बाई. तुम्हाला मी एक गोष्ट सांगते. मागच्या हिवाळ्यात तुमचं धुरी दिलेल्या मुळ्याचं पार्सल आलं, तेव्हा मी तिथेच होते. आकाने कामावरून आली आणि अंगातला कोटही न काढता जमिनीवर बसली. दोरी दातांनी तोडली, मुळा हातानं मोडून खाल्ला, आणि खाताना डोळे मिटले. मी नेलेल्या मिठाईबद्दल तिनं वाकून आभार मानले, बशा काढल्या, चहा केला, आणि तासाभरानं घड्याळाकडे बघितलं. सून फार चांगली आहे. एका शब्दानं कधी दुखावत नाही. परक्याला जपावं तसं ती मला जपते. तुम्ही फोन केला की ती तुमच्याशी भांडते, ओरडते, फोन आपटते. ते ऐकून मी आतल्या आत जळते. माझ्याशी आजवर एकदाही भांडली नाही.

पट्टाही तुमचाच बांधते. माझा कागदात तसाच आहे, घडी न मोडलेला.

आमचं शहर दिवसा बघितलंत ना? सकाळी सगळे जातात, रात्री मजल्यामजल्यावर दिवे लागतात. मधल्या वेळात आम्ही म्हातारी माणसं आणि पार्सलच्या गाड्या. असल्या धर्मशाळेत बाळंतीण ठेवून तिला दुपारचं कोण विचारणार? मी विचारलं असतं, पण तिनं मला हाक मारली नसती. संकोचानं मेली असती.

काल मी नगरपालिकेत जाऊन चौकशी केली. बाळंतपणासाठी दोन महिन्यांची रजा घेतली तर पाळणाघरातली जागा जात नाही. ते आकानेला सांगितलं. ती इतकी हरखली की मला मिठी मारायला निघाली आणि मध्येच थांबून वाकली.

घ्या, जिंकलात. पोरींना घेऊन जा. मला बातमी कळवा.

हारुयो

योकोते,
९ फेब्रुवारी

विहीणबाई हारुयोबाई यांस
मित्सुएचा सप्रेम नमस्कार वि. वि.

फोटो मिळाले असतील. बाळ गोरंपान आहे, नाक आमच्या ह्यांचं, आवाज माझा. रात्रभर घर डोक्यावर घेतं. आकानेला मी लाल दाण्यांचा भात केला, पाय चोळून दिले, आणि परवा आमचं इतकं कडाक्याचं भांडण झालं की तिनं खोलीचं दार लावून घेतलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे असं समजू नका. वाटलं तर वाटो.

मला हवं ते सगळं मिळालं. या आनंदात मी तुम्हाला बर्फाबद्दल चार शब्द सुनावणार होते. पण एक गोष्ट झाली आहे आणि ती लिहिल्याशिवाय मला घास जात नाही.

कोहारु इथे आल्यापासून रोज सकाळी पाव संपवला की खुर्ची ओढून खिडकीशी बसते. बाहेर काही नाही, शेतावर नुसता पांढरा बर्फ आणि विजेचा खांब. त्या खांबाकडे बघून ती हात हलवते. पहिले काही दिवस मला वाटलं, खेळ असेल. काल विचारलं, कुणाला गं? म्हणाली, आजीला. मी म्हटलं, वेडे, आजी तर इथे आहे. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, तू नाही, ती. ती गप्प उभी असते, म्हणून आपण पण गप्प हात करायचा.

बाई, तिला सगळं दिसत होतं. रडलं तर ती आजी येणार नाही, हे त्या चिमुरडीनं ओळखलं आणि मान न वळवता काचेखाली हात हलवत राहिली.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुमच्यासाठी नाही, स्वतःसाठी. दोन्ही पोरं माझ्या छपराखाली, आणि नात त्या खांबात तुम्हाला बघते. इतकी मी कधी कुणावर जळले नव्हते.

तेव्हा तुम्ही या. गावात मुलांसाठी बर्फाच्या घुमट्या बांधताहेत, आत दिवे लावतात, त्या निमित्तानं या. ओमागारीला गाडी बदला, आमचे हे न्यायला येतील. मात्र बाळाला अंघोळ मी घालणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

लोभ ठेवा, म्हणजे मला तो परत करता येईल.

आपली,
मित्सुए

नागारेयामा,
१२ फेब्रुवारी

मित्सुएबाईंस
सप्रेम नमस्कार.

पत्र हातात घेऊन मी स्टेशनवर जाऊन आले. कुणी नव्हतं तिथे माझं, तरी जाऊन आले.

गुरुवारच्या गाडीनं येते आहे. अंघोळ तुम्हीच घाला. मी भांडी घासीन, लंगोट वाळत घालीन, तुमच्या ह्यांना जेवायला वाढीन, सांगाल ते करीन. मधे मधे करणार नाही.

फक्त एक मागते. मी दारात येईन तेव्हा कोहारु धावत येईल. त्या वेळी तुम्ही दाराशी थांबू नका. आत जा, चुलीपाशी काही काम काढा, पाठ करून उभ्या राहा. तेवढं एकदा मला एकटीला मिळू दे.

आपली,
हारुयो