कणसं कुणी पेरली?

आबा, मी तुमची धाकटी. आठवते का? नसेनच. माणसं विसरण्यात तुमचा हात कोण धरणार! अख्ख्या मुलखातली माणसं तुम्ही विसरलात, तिथं मी एकटी लेक कुठून लक्षात राहायची. मला अक्षर येत नाही, ती कृपाही तुमचीच, म्हणून सूनबाई लिहून घेते आहे. तिला बजावलंय, माझा आवाज चढला तरी तू शब्द मऊ करायचा नाही.

तुम्ही आफ्रिकेत गोऱ्या साहेबाचे आचारी. सुट्टीवर आलात की चुलीपुढं बसून त्याचंच पुराण. साहेब विशीत बोटीतून उतरला, बैलगाड्यांचा तांडा घेऊन उत्तरेकडं निघाला, हिवतापानं सोबती गेले, सोनं शोधलं ते काही मिळालं नाही. मग त्यानं एका टेकडीला आपल्या बायकोचं नाव दिलं, तारेचं कुंपण घातलं आणि तंबाखू लावली. "रान नुसतं रिकामं, चिटपाखरू नव्हतं. साहेबानं मुलूख वसवला," असं म्हणताना तुमची छाती फुगायची, जशी काय तारा तुम्हीच ओढल्यात. आणि पहिल्या रात्री साहेब जेवला काय? तर शेतातली कणसं भाजून. मी तेव्हा एवढीशी. विचारलं, "आबा, माणूसच नव्हतं तर कणसं कुणी पेरली?" तुम्ही फुंकणी उगारलीत. "गोष्टीत पाय घालू नकोस!" मी गप्प बसले ती बसलेच.

पुढं आपलं गाव धरणात गेलं. सरकारी माणूस नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "इथं फारशी वस्ती नाही." तुम्ही चावडीत गरजलात, "मग आम्ही काय कावळे आहोत?" किती अभिमान वाटला होता मला! आज त्याच बोलण्याचा संताप येतो. उठवलेल्या गावाचं दुखणं तुम्हांला कळत होतं की. मग तिकडं तुमच्या हाताखाली भांडी घासणारे काय आभाळातून पडले होते? वसवला म्हणे मुलूख! आधी कुणाला उठवल्याशिवाय असं वसवता येतं का?

आणि तुमचा दहावा. कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं. दादा म्हणाला, आईला सांभाळतो. म्हणाला, बदली जमिनीसाठी भांडतो. कावळा ढिम्म. शेवटी मी म्हटलं, "आबा, तुम्ही तिकडून आणलेला साहेबाचा फोटो माझ्या भिंतीवर राहील." लगेच आला मेला! आईसाठी नाही, जमिनीसाठी नाही, साहेबासाठी आला. लेकाच्या नोकरीपायी मी बहरीनला आले, तर बॅगेतून साहेबही आला. बाब अल बहरीनच्या बाजारात त्याला सोनेरी फ्रेम करून घेतली मी.

इथं जिदहफ्स गावातल्या आमच्या घरी माझे गुडघे चोळायला एक बाई येते, त्याच मुलखातली. मला गोगो म्हणते, म्हणजे आजी. परवा मी ऐटीत तिला साहेब दाखवला. मी सांगतेय, सूनबाई इंग्रजी करतेय. कणसांपाशी बाईचा हात थांबला. म्हणाली, "गोगो, मका आपोआप उगवत नाही. असाच एक साहेब आला नि माझ्या पणजीला पेरत्या शेतातून उठवलं. दगडाच्या माळावर नेऊन टाकलं." आणि परत तेल लावायला लागली. माझे पाय तिच्या हातात, आबा. कुठं ओढून घेऊ?

फोटो उतरवला. खलास. वचन मोडलं तर मोडलं, रुसा हवं तर. पण फाडवला नाही, हे कबूल करते. त्याच्या कडेला ताट धरलेला एक हात आहे, तो तुमचा. तुमचा दुसरा फोटोच नाही माझ्याकडं.

सूनबाई, हे कुठं पाठवायचं नाही, डाळीच्या डब्यामागं ठेव. उद्या पितरांचा स्वयंपाक करशील ना, त्यातले वडे आणि खीर त्या बाईच्या घरी पाठव, गरम असतानाच. गॅलरीत कावळ्याला फक्त एक भाजलेलं कणीस ठेव. आणि आबांना म्हणावं, आधी कुणी पेरलं ते सांगा, मग चोच लावा.