सैल पट्ट्याचा पहिला नंबर

दादा,

आपल्या यादीत तुला न विचारता बदल केलाय, म्हणून आधी कान पकडते.

कपाटाच्या दाराआड लिहिलेली आपली पाच हेवी मेटल गाणी कालपर्यंत तशीच होती. पहिल्या गाण्याच्या कॅसेटला कव्हर नव्हतं, बँडचं नाव कळेना, म्हणून आपण त्यांना लोहारबंधू म्हणायचो. ते पहिले, कारण त्यांचा ड्रमर घाई करत नाही, असं तू सांगायचास. त्याच गाण्यावर तू मला उशांवर ड्रम शिकवलास आणि मग बोटीवरच्या नोकरीला गेलास.

काल एका बँडची चाचणी द्यायला गेले. त्यांनी नेमकं तेच गाणं लावलं आणि माझे हात मागेच राहिले. गिटारवाला म्हणाला, "ताई, मेटल वाजवताय की अंगाई?"

घरी येऊन आपला टेपरेकॉर्डर उघडला. आतला पट्टा सैल झालाय. आपण इतकी वर्षं ते गाणं हळू ऐकत होतो, दादा! म्हणूनच तो गायक इतका घोगरा वाटायचा. खरे लोहारबंधू भलतेच घाईत आहेत. त्यांना मी चौथ्या नंबरावर टाकलंय. आपलं, सैल पट्ट्याचं गाणं पहिलंच राहील.

शनिवारी पुन्हा बोलावलंय. मी आपल्याच वेगानं वाजवणार आहे. घाई करणार नाही. नाही घेतलं तर नाही.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तू वाचलंस तर सुट्टीत आल्या आल्या पट्टा बदलशील.

उशा फाडणारी,
धाकटी