बाबांचा आवाज आणि फुकटचा पहारेकरी

शनिवार, ७ मार्च २०१५

बाबांच्या फोल्डरला काहीतरी झालंय! क्लिक केलं की आधी एक काळी चौकट लुकलुकते, मगच ते उघडतं. पेनड्राइव्हवर घ्यायला गेले, तर तोही तसाच लुकलुकायला लागला. म्हणजे रोग पसरतोय. काही न उतरवताच काढून घेतला.

घरोघर फिरणारा लेओनिदेस आला, दर शनिवारसारखी हार्ड डिस्क घेऊन — आठवड्याच्या मालिका, सिनेमे, गाणी. आमच्या गल्लीत इंटरनेट कुणाकडे आहे! अँटिव्हायरससुद्धा त्याच डिस्कवर येतात. या वेळी दोन होते.

"दोन्ही फुकट, ताई. घ्या की!"

मी म्हटलं, आणि रोग तुझ्याच डिस्कवरून आला असेल तर?

"मग औषधही माझ्याकडूनच घ्या!"

मेला हसतोय! मी कॉफी करीपर्यंत तो कॉम्प्युटरशी एकटाच. न विचारता लोकांची गाणी, फोटो उचलून पुढच्या घरी वाटायची खोडच आहे त्याला. आतूनच ओरडले — आमच्या कशाला हात लावू नकोस हं!

रविवार, ८ मार्च

पहिला लावला. लाल पडदा, भोंगा, शेकडो धोके! खाली बटण — 'साफ करा'. बोट पुढे जाईना.

बाबांनी जन्मभर सिगारच्या कारखान्यात कामगारांना वाचून दाखवलं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचन रंगलं की कामगार तंबाखूची पानं कापायच्या सुऱ्या टेबलांवर ठोकायचे, तीच टाळी. आता सतरा तारखेला घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. बोलायला आत्ताच बंदी आहे. गेल्या महिन्यात माझ्यासाठी एक कादंबरी वाचून रेकॉर्ड केली — खोकत, पाणी पीत. त्या फोल्डरमध्ये आहे तेवढाच आता त्यांचा आवाज.

ते पुसलं गेलं तर? भीती वाटते.

मंगळवार, १० मार्च

नूर्कावहिनी म्हणते, "फुकट कोण देतं गं? तुझ्या भावाने मला कधी फुकट कॉफी तरी पाजलीय?"

मग दोघींनी मिळून ती धोक्यांची यादीच वाचायला घेतली. म्हणे, आत घातलेल्या सीडीतही धोका! आमचा सीडीचा कप्पा कधीचा मोडलाय, आत धूळ आहे नुसती. थापाड्या! काढून फेकला.

बुधवार, ११ मार्च

दुसरा अगदी मुखदुर्बळ. बराच वेळ गप्प, मग एकच नाव दाखवलं — बाबांच्या फोल्डरच्या जागी बसलेलं काहीतरी. भोंगा नाही, घाबरवणं नाही. हा खरा वाटतो. पण वाटण्यावर जायचं?

बाबांना विचारलं. त्यांनी कागदावर लिहिलं, "कर."

तरी आज नाहीच केलं.

शनिवार, १४ मार्च

सकाळी बटण दाबलं. 'साफ झाले' म्हणाला — आणि फोल्डरच गायब! सगळी जागा पांढरीफटक. चोर! चोरच निघाला तो!

लेओनिदेस आला. "रोग मुरलाय, ताई. सगळं पुसून नव्याने घालू. इथे सगळे तेच करतात." म्हटलं, पूस. आता जपायला उरलंय काय? पुसून झाल्यावर चाचरत म्हणाला, "ताई, तुमच्या बाबांचं ते वाचन—" मी पुढे बोलूच दिलं नाही. नाव काढू नकोस, चालता हो!

रविवार, १५ मार्च

वहिनीने विचारलं, "फोल्डर गेलं तेव्हा कॉम्प्युटरची डिस्क तेवढी रिकामी झाली होती का?"

नव्हती. होती तेवढीच भरलेली दाखवत होती. मी पाहिलंही होतं.

"अगं, मग ते आतच होतं! तो व्हायरस खरं फोल्डर लपवतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. अँटिव्हायरसने त्याला हाकललं. खरं फोल्डर लपलेलंच राहिलं, एवढंच. सेटिंगमधली एक खूण बदलली असती की दिसलं असतं."

म्हणजे तो फुकटचा खरा होता. बाबांचा आवाज मी पुसायला लावला.

मंगळवार, १७ मार्च

ऑपरेशन झालं. बाबांना सांगितलेलं नाही. ते माझ्याकडे बघून हसतात आणि मला तोंड लपवावंसं वाटतं.

शनिवार, २८ मार्च

समोरच्या घरातून बाबांचा आवाज आला! तोच खोकला, तोच पाण्याचा घोट, मग पुढचं वाक्य. धावत गेले. समोरचे म्हणाले, या आठवड्याच्या डिस्कवर आलंय. लेओनिदेसने त्या पहिल्याच दिवशी उचललं होतं, मी कॉफी करत असताना — आणि आता घरोघर वाटलंय. परत आले तर बाबा खिडकीशी बसून ऐकत होते. हातात कांदे चिरायची सुरी. टेबलावर ठोकत होते.