साडेचारशे कोटी वर्षांचा धडा

३ मे १९८३, मंगळवार
डॉक्टरांनी आज यांना तपासले. म्हणाले, आता पथ्य नको, खावेसे वाटेल ते द्या. परत दाखवायला यायचीही गरज नाही. देवाचे उपकार! एस.टी.चे हेलपाटे वाचले. मायकल भावोजी दवाखान्याबाहेर रुमालाने सारखे नाक पुसत होते. त्यांना धुळीचा त्रास आहेच.

हेडमास्तरांनी यांची जागा शाळा उघडेपर्यंत राखून ठेवली आहे. तोवर यांची नववीची मुले भूगोलात मागे पडता कामा नयेत, नाहीतर दुसऱ्या कोणाला आणतील. संकल्प: सुट्टीत वर्ग मी घेणार. आपल्याच ओटीवर. मी मॅट्रिक आहे.

गंमत म्हणजे मी कोणाला काही सांगायच्या आत दुपारी चार मुले दारात. मार्था पुढे, ऑगस्टीन मागे. म्हणाली, काकी, आम्हाला शिकवा ना. विद्येची भूक ती हीच.

५ मे
यांच्या टिपणांत पहिलाच धडा ‘पृथ्वीचे वय’. यांचा सर्वांत आवडता. वय साडेचारशे कोटी वर्षांवर! मला रात्रभर झोप नाही. देवाने सहा दिवसांत जग केले त्याचे काय करायचे? सकाळी यांना विचारले. डोळे मिटूनच म्हणाले, शिकव तू. देवाला कुठे घाई होती?

शिकवले. ऑगस्टीन दोनदा पेंगला. विषय खोल आहे, डोक्यात मुरताना गुंगी येणारच.

९ मे
आज जीवाश्म. मुलांना समजेना म्हणून डब्यातले सुकेळे आणून दाखवले. म्हटले, पिकलेले केळे उन्हात पडले की आकसते, काळे होते, पण टिकते. तसेच प्राण्यांचे. ऑगस्टीनने जीवाश्म खाल्ला. म्हणाला, काकी, अजून एक प्राणी दाखवा.

हे आतून ऐकत होते. हसले. मग खोकला आला. मग म्हणाले, अगं, सुकवून नाही होत तो. हाडे विरघळत जातात आणि त्या जागी दगड भरत जातो. बाहेरून आकार तोच दिसतो, आत मूळचे काही उरलेले नसते.

किती दिवसांनी हसले! तब्येत नक्की वळणावर आली.

१० मे
मुलांना आज खायला काही दिले नाही. (डबा अर्धा झाला.) तरी चौघेही आली. म्हणजे माझ्या शिकवण्यातच काहीतरी आहे.

दुपारी यांची शाळेची पँट कंबरेत आत घेतली. टीप कच्ची घातली. जूनमध्ये अंग भरले की उसवायला सोपी.

१४ मे
काल एक उत्तम युक्ती सुचली. एवढी कोटी वर्षे मुलांच्या डोक्यात बसत नाहीत, तर रोजरीच्या माळेवर बसवावीत! दहा-दहा मण्यांची पाच दशके, म्हणजे पन्नास मणी. एका मण्याला नऊ कोटी वर्षे. पहिले मणी नुसती आग आणि धग. मग पाणी. मासे येईपर्यंत शेवटचे दशक अर्धे होते. आपल्या विहिरीच्या तळाचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, तो शेवटच्या मण्यात. डायनासोर मेले तेही त्याच मण्यात.

मार्थाने विचारले, आणि माणूस, काकी? मी म्हटले, माणसाला मणी नाही. नुसता दोरा.

यांना सांगितले. म्हणाले, मी वीस वर्षे शिकवतोय, हे मला नाही सुचले. ताप होता. तरी बोलले स्पष्ट.

१७ मे
ऑगस्टीनची आई रोझी भांडायला आली. काल संध्याकाळी त्यांच्या घरात सगळे गुडघ्यावर, रोजरी चालू, आणि शेवटच्या मण्याला ऑगस्टीन मोठ्याने म्हणाला, मेले डायनासोर! त्याच्या आजीने कपाळाला हात लावला. रोझी म्हणाली, आमची देवाची माळ काय तुझ्या राक्षसांना दिलीय? फादरांना सांगते बघ.

सांगू दे. हिला प्राणी आणि राक्षस यातला फरक कळत नाही.

मग जाताना उगाच माझा हात धरून उभी राहिली. काही लागले तर हाक मार म्हणाली. भांडणात हरली की माणसे अशी मऊ होतात.

२० मे
फादर आलेच. माझी तयारी होती. खुर्ची द्यायच्या आधीच सांगितले की मी रोजरीचा अपमान केलेला नाही, एका मण्याला नऊ कोटी हा नुसता हिशोब आहे. फादरांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, छान शिकवतेस, आग्नेस. मग खिशातून तेलाची लहान डबी काढली आणि विचारले, कॉन्रॅड जागा आहे का?

यांच्या कपाळाला, हातांना तेल लावले. लोक शेवटचे तेल म्हणतात, पण आजाऱ्याला शक्ती यावी म्हणूनच असते ते. भावोजींनी माझ्याआधीच मेणबत्ती लावून ठेवली होती. मला कोणी सांगितले नव्हते की फादर त्यासाठी येणार आहेत.

२५ मे
पेजही नको म्हणाले. खावेसे वाटेल ते द्या असे डॉक्टर म्हणाले होते. काय वाटेल, तेवढे सांगितले नाही.

मुलांना लवकर घरी पाठवले. ती गेली नाहीत. ओटीवर गप्प बसून राहिली. शिस्त यायला लागली आहे.

२९ मे, रविवार
वर्ग नाही.

२ जून
वर्ग नाही. घरात माणसे फार.

१३ जून, सोमवार
शाळा उघडली.

संध्याकाळी मार्था नव्या बाईंना घेऊन आली. कार्मिन नाव. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोर. सकाळपासून माझे ठरले होते की यांची टिपणे कोणाला द्यायची नाहीत. पण ती दारातच म्हणाली, सरांच्या जागेवर आलेय, मला फार भीती वाटते. मग आत बोलावले. टिपणे दिली. म्हटले, पहिला धडा मी पुरा केलाय, तुम्ही दुसऱ्यापासून घ्या.

तिने पाने उलटली. हळूच म्हणाली, हा धडा नववीला नाहीये. पोर्शन बदलला तेव्हाच काढला. सर आवड म्हणून शनिवारी सांगत असतील.

मी मार्थाकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. म्हणाली, आम्हाला माहीत होतं, काकी. सरांनीच एप्रिलमध्ये सांगितलं होतं, सुट्टीभर रोज काकींकडे जा. त्या शिकवतील ते शिका. त्यांना एकटं बसू देऊ नका.

एप्रिलमध्ये.

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, तुम्हाला माहीत नव्हतं?

मी म्हटले, होतं की. सगळं माहीत होतं.

बाईंना ते खरे वाटले. मार्था जवळ येऊन माझ्या शेजारी बसली.