खून कुठेच दिसत नाहीये

राजेंद्र नगर, इंदूर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. यशदादास,
नमस्कार. मी ठीक आहे. आईचं बीपी उतरलंय. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तिच्या हाती देतेय. आधी झालं ते क्रमाने.

१. शनिवार, ८ तारीख, सकाळी ९.४०. छत्रीबागच्या तुझ्या घरासमोर तुझी गाडी मागे आली. श्रेयावहिनी गाडी आणि भिंतीच्या मधे सापडली.
२. ९.४६ ला तुझा फोन. "मंजू, खून कुठेच दिसत नाहीये, पण ही सफेद पडलीये."
३. मी म्हणाले, मांड्या सुरू होतात तिथे ओढणी घट्ट आवळून बांध. तू बांधली नाहीस.
४. १०.३५ ला ती आमच्या हॉस्पिटलात पोचली. नऊ पिशव्या रक्त लागलं.
५. तू पोलिसांना सांगितलंस: रिव्हर्स घेताना दिसली नाही.

आमचे डॉक्टर यतीन सर पुण्याचे. फोनवर तू काय सांगितलंस ते त्यांना जसंच्या तसं ऐकवलं, तर ते दचकले. "खून?"
"सर, आमच्याकडे रक्ताला खून म्हणतात." ते परत स्क्रीनकडे वळले.

दिसणार नव्हतंच. ओटीपोटात दोन्ही बाजूंना एकेक मोठी धमनी उतरते. तिच्या फांद्या मूत्राशय, गर्भाशय, कुल्ल्यांपर्यंत जातात. त्यातली एक फुटली होती. जांघेतून बारीक नळी घालून सरांनी ती बुजवली. एक्स-रेचं मशीन मी चालवत होते. पडद्यावर पसरणारा काळा डाग थांबला. प्रेशर तरीही चढेना. कमरेच्या हाडांच्या आतल्या बाजूला, रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या पातळ शिरांचं जाळं असतं. ते फाटलं की बुजवायला अशी एक जागा नसते, सगळीकडून झिरपत राहतं. हाडं बाहेरून आवळली तरच दबतं. ओढणी त्यासाठी सांगितली होती.

स्कॅनही मीच काढला. कमरेचं उजवं हाड बाजूने आत दबलेलं. पुढचा सांधा मात्र उघडलेला, समोरून चेपल्यासारखा. एका धक्क्यात दोन्ही होणं मला पटलं नाही.

बुधवारी वहिनीची श्वासाची नळी काढली. आवाज बसलाय. म्हणाली, "पहिला धक्का लागला तशी मी वळले, हात दाखवला. यशने आरशात बघितलं, मंजू. गाडी पुढे घेतली. मला वाटलं, चला, सोडलं. फिर वापस आला."

आई बाहेर बाकावर होती. "पुलिसला घरातलं कशाला सांगायचं, बेटा? गुस्सा तेज आहे त्याचा, बस." मी तिला चहा आणून दिला.

आता माझं. फेब्रुवारीत तू वहिनीला एक्स-रेसाठी माझ्याकडे आणलंस. डाव्या हाताचं, कोपरापासून मनगटापर्यंतचं करंगळीकडचं हाड मधोमध मोडलं होतं. पडताना माणूस तळहात टेकतो, मनगट मोडतं. हे हाड असं एकटं मोडतं ते बहुतेक वेळा डोक्यावर येणारा वार हातावर झेलल्यावर. परीक्षेत हाच प्रश्न होता, मला पूर्ण मार्क मिळाले होते. तू म्हणालास, "लिख दे ना, डॉक्टरनी बाई, जिन्यावरून पडली." मी हसले आणि फॉर्मवर तसंच लिहिलं. वहिनी माझ्या पेनाकडे बघत होती.

गौतमपुऱ्याला हिंगोटची, पेटत्या गोळ्यांची लढाई बघताना माझा फ्रॉक पेटला, तो तू उघड्या हातांनी विझवलास. तुझ्या तळहातावरचा डाग मला पाठ आहे. मी तो या हिशेबात धरून बघितला. काही बदललं नाही.

फेब्रुवारीचा फॉर्म, तेव्हाचा एक्स-रे, आताचा स्कॅन आणि माझी लेखी कबुली यतीन सरांकडे दिली आहे. नोकरी जाईल कदाचित. वहिनी हॉस्पिटलातून सुटल्यावर माझ्याकडे येईल, छत्रीबागला नाही.

सोमवारी, १७ तारखेला, दुपारी बाराला पोलीस माझा जबाब घेणार आहेत. त्याआधी तू स्वतः जाऊन खरं सांग. फोनवर तू काय म्हणालास ते त्यांनी विचारलं तर मी शब्द न बदलता सांगेन. खून म्हणजे रक्त, हे मात्र या वेळी समजावून देणार नाही.

जाणार की नाही, सोमवारी सकाळी दहापर्यंत लिहून कळव. आईच्या हाती दे.

श्रेयावहिनीची नणंद,
मंजिरी