गेल्या वर्षीचा फ्रॉक

३ जून
गेल्या वर्षीचा पिवळा फ्रॉक चंचलला आजही बसला. नणंद म्हणाली, "बरं झालं वहिनी, नवा घ्याचं कामच नाई!" सगळे हसले. मीही हसले. मग न्हाणीत जाऊन रडले. दोन वर्षं झाली पोरीला — फ्रॉक अजून गुडघ्याच्या खालीच!

५ जून
अंगणवाडीत सोनीबाईनं चंचलला भिंतीशी उभं करून मोजलं. वजन जरासं वाढलं, उंची नाहीच. "खाते का वो बाई ही?" खाते ना! रोज अंडं खाते, वरण-भात खाते. जुलाब तेवढे सारखे लागतात.

घरी सासू म्हणाली, "आईवर गेली, दुसरं काय." मनात वाईट ठेवून नाही बोलली, तिला खरंच तसं वाटतं. लग्नात फोटोवाल्यानं मला पाटावर उभं केलं होतं, ते गाव अजून विसरलं नाही. बाबा उंच, आई उंच, मीच कुठून अशी निपजले कोण जाणे. आणि तेच पोरीला दिलं. चिडू तरी कोणावर?

८ जून
तांबड्या कोंबडीनं पिल्लं काढली! ही माझ्या माहेरची कोंबडी. बाळंतपण करून निघाले तेव्हा आईनं एका हातात चंचल दिली, दुसऱ्या हातात ही — "लेकराच्या अंड्याची सोय." आता घरभर तिचाच गोतावळा. चंचल दिवसभर पिल्लांच्या मागं. त्यांनी सांडलेली कणी जमिनीवरून उचलते नि तोंडात!

रात्री सगळ्या कोंबड्या बांबूच्या डाल्याखाली, आमच्या अंथरुणाला लागून. बाहेर ठेवायची सोय नाही, बिबट ओसरीपर्यंत येतो. डाल्यातली कुटकुट ऐकल्याशिवाय चंचल झोपत नाही.

१३ जून
चंचलला अहेरीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. पाणी कुठलं, चूल कुठं, पोरगी माती खाते का. मग म्हणाल्या, "रात्री कोंबड्या कुठे असतात?"

मला हसूच आलं. "घरातच, अजून कुठी राहतीन!"

त्या नाही हसल्या. म्हणाल्या, सारवलं तरी कोंबड्यांची घाण जमिनीत मुरते. पोर तिथंच लोळतं, हात तोंडात घालतं. आतडी सुजलेलीच राहतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, मग हाडं वाढणार कशी? "अंडी द्याच. पण कोंबड्या घराबाहेर ठेवा." मी विचारलं, आता वाढंल ना ही? "पुढे वाढेल. मागे राहिलेलं सगळं भरून निघेल असं नाही सांगता येत."

बसमध्ये तिला एवढं घट्ट धरलं की ती रडायला लागली. अंडं मीच भरवत होते — आणि ते अंगी लागू न देणारी घाणसुद्धा मीच तिच्या उशाशी ठेवत होते! देवा, कोणाला सांगू हे?

१४ जून
नवऱ्याशी भांडण. निकेश म्हणतो, "बाहेर ठेवून का बिबट्याले आवतन देतं?" सासू म्हणते, "आमची सारी लेकरं कोंबड्यातच वाढली." मी म्हटलं, कोंबड्या बाहेर जातील, नाहीतर मी आणि चंचल बाहेर जाऊ! निकेश उठून गोठ्यात गेला. जाऊ दे.

१७ जून
निकेशनं बांबू आणले, गोठ्यामागं उंचावर खुराडं बांधलं, जाळी ठोकली. दिवसभर कुरकुरत होता. पण बांधलं. रात्री चंचल "कोंबी, कोंबी" करत रडली. घर कसं सुनं सुनं वाटतं.

२० जून
रानमांजरानं जाळी उचकटून तांबडी नेली. आईची कोंबडी. पिल्लं ओरडत होती. सासू म्हणाली, "आता तरी आत घे वो." निकेशनं पण डालं उचललं होतं. मी दारात आडवी उभी राहिले. जाळी दुहेरी करा म्हटलं, आत नाही.

मग चुलीपाशी बसून तांबडीसाठी रडले.

२५ जून
माहेरी आले. आईची खाट, खाटेशी डालं, सगळं माझ्या लहानपणी होतं तसंच. भावाचं बाळ डाल्याला धरून उभं राहत होतं. मी धावत जाऊन त्याला उचललं, हात धुतले. आईला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. म्हटलं, "त्यात माझी उंची लागली बिचारीले."

आई कणी निवडता निवडता थांबली. "तुयी? अवं, तू झाली तवा दाई म्हने, एवढी लांब पोरगी या गावात झाली नाई. बापाच्या वर जाईन."