अबुधाबीची तिथी

सोम., १९ जाने.
दाट धुकं. बसेस पाऊण तास उशिरा. पहिला तास धुक्यालाच अर्पण.
प्रिन्सिपॉल मॅडमनी बोलावलं. आठवीची मुलं नववीसाठी भाषा निवडणार. पालकांनी शाळेच्या ॲपवर फॉर्म भरायचा, मुदत शुक्रवार १३ फेब्रु., साडेअकरा. संस्कृतला बारा डोकी हवीत. "ट्वेल्व, सरजी. नॉट इलेव्हन अँड अ हाफ." आत्ता पाच. बारा झाली नाहीत तर नववीचं संस्कृत खलास, आणि मला व्हॅल्यू एज्युकेशन व बस ड्यूटी. एकोणीस वर्षं इथे शिकवतोय. आता रांगेत उभ्या मुलांना मूल्यं शिकवायची, धक्के न मारता.

गुरु., २२ जाने.
सुचलं! मंगळवारी सकाळी 'कॅम्पस न्यूज' लाइव्ह जाते, प्रत्येक वर्गाच्या स्मार्टबोर्डवर. त्यात संस्कृत वार्ता घुसवायची. मॅडमकडे तीन मिनिटं मागितली. त्या दोन म्हणाल्या. अडीचवर जमलं.
वाचणार रिया, आठवी ब. आईवडील पुण्याचे, जन्म इथलाच. ती वाचते तेव्हा मला माझीच वाक्यं बरी वाटतात. घोळ एकच, तिचा स्वतःचा फॉर्म बाबा फ्रेंचसाठी भरणार.
"बाबा सेज फ्रेंच इज युजफुल."
"कुठे गं?"
"फ्रान्स, आय गेस."

मंगळ., २७ जाने.
काय झालं ते नीट लिहून ठेवतो.
वार्तेची सुरुवात तिथीने. तिथी आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून. ते सासूबाई, माधुरीच्या आई, दर वर्षी पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून पाठवतात. त्यात 'नवमी स. ८.०५ पर्यंत'. मी लिहून दिलं, अद्य नवमी. रियाने वाचलं. थांबली. कागदाकडे पाहिलं.
"वेट. सर, धिस इज इंडिया टाइम."
लाइव्ह! मी कॅमेऱ्यामागून हातवारे करतोय, पुढे चल, पुढे चल. ती कशाला ऐकते! "एट-ओ-फाइव्ह देअर इज सिक्स थर्टी-फाइव्ह हिअर. अवर सन वॉजन्ट ईव्हन अप! यू सेड सूर्योदयाला असेल ती तिथी. सो इथे आज दशमी."
अख्ख्या शाळेने ऐकलं. आणि पोरगी बरोबर. पाठशाळेत गुरुजींनी 'सूर्योदयाची तिथी' घोकून घेतली होती. कुणाचा सूर्योदय, ते विचारायचं राहूनच गेलं. एकोणीस वर्षं इथे राहून पुण्याच्या सूर्यावर दिवस मोजतोय, तोही शास्त्र शिकलेला माणूस.
लाज वाटली. पण जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात नऊ मुलं! "सर, हाऊ डू यू कॅल्क्युलेट इट?" स्वतःहून! नऊ!

बुध., २८ जाने.
मुलांनी आधी एआयला विचारलं. तीनदा विचारलं, तीन तिथ्या मिळाल्या, दर वेळी क्षमायाचना करून आणि पूर्ण आत्मविश्वासाने. मला ओळखीचे दोन-तीन विद्वान आठवले.
मग मी बोर्डवर सूर्य काढला, चंद्र काढला. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी झाली. चोवीस अंश, दुसरी.
"दॅट्स इट? सबट्रॅक्ट अँड डिव्हाइड बाय ट्वेल्व?"
"तेवढंच."
"व्हाय डिडन्ट यू टेल अस बिफोर?"
आजवर तिथ्या अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पाठ म्हणून घेत होतो, दुसरं काय.
रियाने लॅपटॉपवर तक्ता मांडायला घेतला. सूर्य-चंद्राच्या जागा नेटवरून, वजाबाकी तिची, तिथींची नावं माझी. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. मीच "यल्ला, यल्ला" करत हाकलली. डबा तसाच घरी आला.

शनि., ३१ जाने.
माधुरीला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला.
"म्हणजे संकष्टीचा चंद्रोदयही पुण्याचाच?"
रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर राहतो, समोर दुसरा टॉवर. चंद्र बघायची सोय नाही, म्हणून कॅलेंडर आणि घड्याळ. रियाच्या तक्त्याप्रमाणे इथल्या घड्याळाने चंद्र कॅलेंडरच्या वेळेपेक्षा साधारण पाव तास आधी उगवतो.
"म्हणजे एकोणीस वर्षं, दर महिन्याला, पाव तास जास्त उपाशी. आणि घरात संस्कृतचे मास्तर!"
"मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकू?"
"टाका. आणि मग आठवडाभर दार उघडू नका."

मंगळ., ३ फेब्रु.
आज वार्तेत 'अबुधाबीची तिथी'! मुलांनी स्वतः काढलेली, इथल्या सूर्याची. शेवटी टाळ्या, त्याही वर्गावर्गांतून, कॉरिडॉरमध्ये ऐकू आल्या. मी पाणी प्यायला गेलो. दोनदा.
अरबीचे उस्ताद समीर कँटीनमध्ये गाठून म्हणाले, "हबीबी, तुम्ही चंद्र मोजता, आम्ही डोळ्यांनी शोधतो. रमजान जवळ आलाय. तुमच्या पोरांना विचारा, आदल्या संध्याकाळी नवा चंद्र सूर्यापासून किती लांब असेल?" पोरांनी दुपारपर्यंत उत्तर दिलं. उस्ताद खूश. "तरी आम्ही पाहणारच," म्हणाले.
फॉर्म: नऊ.

सोम., ९ फेब्रु.
अकरा!! मॅडमना लिफ्टपाशी सांगितलं. "इन्शाल्ला ट्वेल्व," म्हणाल्या. पहिल्यांदाच हसून.
रियाच्या बाबांना फोन केला. तेल कंपनीत इंजिनीअर, बोलणं मोजकं आणि सभ्य.
"सर, विषयाबद्दल आदरच आहे. पण स्कोप?"
म्हटलं, रिया या गणितात फार रमलीय.
"मग गणित आहेच की तिला."
बिनतोड. फॉर्म अजून भरलेला नाही एवढंच कळलं. शुक्रवारी भरू म्हणाले. काय भरणार ते ऐकायचा धीर झाला नाही.

शुक्र., १३ फेब्रु.
आत्ता स्टाफरूममध्ये लिहितोय. शुक्रवारची अर्धी शाळा, खाली बसेस लागल्यात. अकराच.
११.१२ला फोन आला. रियाचे बाबा. वाटलं, फॉर्म.
"सर, एक विचारायचं होतं. आईचं श्राद्ध. ती जाऊन सहा वर्षं झाली. मी इथेच करतो, दर वर्षी, ते कॅलेंडर बघून. रियाने काल तो तक्ता दाखवला... म्हणजे मी चुकीच्या दिवशी केलं का हो?"
एवढा मोजकं बोलणारा माणूस. सांगितलं, श्राद्धाला सूर्योदयाची नाही, दुपारची तिथी धरतात, आणि ती इथलीच दुपार. बहुतेक वर्षी दिवस तोच येईल. एखाद्या वर्षी हलला असेल. सहाही वर्षं काढून बघावी लागतील. आणि मनोभावे केलं त्याचं काही वाया जात नाही, असंही म्हटलं. शास्त्रात कुठे आहे ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.
"तुम्ही काढून द्याल?"
"माझ्यापेक्षा रिया लवकर काढेल."
"तिला येतं ते?"
"दुपारचं तिला अजून सांगितलेलं नाही. बाकी सगळं तिनेच बसवलंय."
मागे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. मग म्हणाले, "आज तिला बसमध्ये बसवू नका. मी येतोय न्यायला. तुम्ही थांबाल का थोडं? दोघांना एकदमच सांगा."
थांबतो म्हटलं.
फोन ठेवला तेव्हा ११.२३. साडेअकराला फॉर्म बंद. ते गाडी चालवत होते, आणि विषय त्यांच्या आईचा. फॉर्मचं मी बोललो नाही.
रिया समोर बसलीय, २०२० पासूनच्या ओळी तक्त्यात भरतेय. "सर, आजीचा टाइम दुपारी एक्झॅक्टली किती घ्यायचा?"
११.२७. आकडा बघायला ॲप उघडलेलं नाही. तिला आधी अपराह्ण, म्हणजे श्राद्धाची दुपार, समजावतो.